लाल पेनानंतरची पंधरा मिनिटं

शिरपूर तालुक्यात सहावीच्या वर्गाला शिकवणाऱ्या एका ताईंनी विचारलं आहे: "रात्री अकरा-अकरापर्यंत वह्या तपासते, प्रत्येक वहीत शेरा लिहिते. मुलं गुण बघतात आणि वही मिटतात. पुढच्या आठवड्यात तीच चूक पुन्हा. दोघं जण अर्ध्या गुणासाठी टेबलाशी येऊन वाद घालतात. आणि गेल्या शुक्रवारी एका मुलीनं निबंधाचं तपासलेलं पान फाडून दप्तरात कोंबलं, दिवसभर कुणाशी बोलली नाही. चूक दाखवली तर ती नीट घ्यायला मुलांना कसं शिकवायचं?"

ताई, तुमची कळकळ पोचली, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी नोकरीला लागले तेव्हा नंदुरबार वेगळा जिल्हा व्हायचा होता. आधी साक्रीकडची दोनशिक्षकी शाळा, मग शहाद्याकडे सहावी-सातवी. तुमच्यासारखेच वह्यांचे गठ्ठे मीही घरी नेले आहेत. आता जे सांगते ते वर्गात करून, चुकून, बदलून हाती आलेलं आहे.

आधी वह्या वाटायची वेळ आठवून बघा. बहुतेक शाळांत ती शेवटच्या तासाची शेवटची पाच मिनिटं असते. मॉनिटर गठ्ठा उचलतो, नावं पुकारतो, घंटा होते, वही दप्तरात जाते. मुलानं शेरा वाचला तरी त्याचं करायचं काय? दुरुस्ती करायला पान कुठं आहे, वेळ कुठं आहे, आणि केल्यावर बघणार कोण? घरी गेल्यावर गुरं, धाकटी भावंडं, दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणी. शेरा मुलापर्यंत पोचतो आणि तिथंच वाळून जातो.

म्हणून पहिला बदल हा करा: वह्या तासाच्या सुरुवातीला वाटा आणि पहिली पंधरा मिनिटं नवीन काहीही शिकवू नका. त्या वेळात प्रत्येक मुलानं शेऱ्याखाली काहीतरी करायचं, आणि काय करायचं ते शेऱ्यातच लिहिलेलं असायला हवं. 'अधिक सराव आवश्यक' वाचून मुलगा काहीच करू शकत नाही. 'दुसरा परिच्छेद पुन्हा लिही, पोळ्याच्या दिवशी तू स्वतः काय केलंस ते दोन वाक्यांत घाल' हे वाचून तो पेन उचलतो. पोर्शन मागे पडेल अशी भीती मलाही वाटायची. पण तीच चूक जूनपासून मार्चपर्यंत पस्तीस वह्यांत गोल करत बसण्यात किती रात्री जातात, हे एकदा मोजलं आणि भीती गेली.

शेरा कसा असावा ते एका गणितावरून सांगते. वर्गात उदाहरण दिलं होतं: एका शेतकऱ्याकडे १८ क्विंटल २५ किलो कापूस होता, त्यातला ११ क्विंटल ६० किलो विकला, किती उरला? एका मुलीचं उत्तर आलं ७ क्विंटल ३५ किलो. तुम्हाला चूक लगेच दिसली असेल. पंचविसातून साठ जात नाहीत म्हणून तिनं साठातून पंचवीस काढले. पूर्वी मी इथं फुली मारून शेजारी ६ क्विंटल ६५ किलो लिहिलं असतं. तिनं ते वाचून वही मिटली असती. त्या दिवशी मी फुलीही मारली नाही. फक्त लिहिलं: 'विकलेला कापूस आणि उरलेला कापूस मिळवून बघ. शेतकऱ्याकडे आधी होता तेवढाच येतो का?'

तिनं मिळवले. १८ क्विंटल ९५ किलो आले. वहीकडे बघत राहिली, मग म्हणाली, "मॅडम, सत्तर किलो जास्त येस."

"कुठून आला गं एवढा कापूस?"

ती हसली नाही. बोट ठेवून वजाबाकी वरून खाली वाचली, साठाच्या आकड्यावर थांबली आणि म्हणाली, "इथं मी उलटं केलं." मग अठरा क्विंटलमधला एक मोडला, शंभर किलो पंचविसात मिळवले आणि उत्तर आणलं. मी जागेवरून उठलेही नव्हते. त्यानंतर ती वजाबाकीची गणितं मिळवून ताळा केल्याशिवाय वही देईना. मी उत्तर लिहून दिलं असतं तर तिच्या हाती एक उत्तर लागलं असतं. ताळा कसा करायचा ते दिलं, तर ती माझ्याशिवाय स्वतःची चूक पकडायला लागली. मूल शेरा नीट घेतं म्हणजे काय, याचं हे माझ्यासाठी सगळ्यात जवळचं चित्र आहे.

दुसरं, आपली भाषा मुलांना कळते का ते तपासा. मी वर्षानुवर्षं निबंधाखाली 'मुद्देसूद लिही' लिहीत होते. एकदा सहज वर्गाला विचारलं, मुद्देसूद म्हणजे काय? एक म्हणाला थोडक्यात. एक म्हणाली चांगल्या अक्षरात. एकानं सांगितलं, मोठ्ठा निबंध. मी हादरलेच. तेव्हापासून शेरा वाचून झाला की दोन-तीन मुलांना विचारते, "मी काय लिहिलंय ते तुझ्या शब्दांत सांग." सांगता आलं नाही तर दोष माझ्या शेऱ्याचा. मग वर्गानंच अर्थ ठरवले आणि चार्टवर लिहिले: मुद्देसूद म्हणजे एका परिच्छेदात एकच गोष्ट. असे दहा-बारा शब्द झाले, तेवढे वर्षभर पुरले.

त्याच्याही आधीची पायरी म्हणजे चांगलं उत्तर कसं दिसतं हे मुलानं पाहिलेलं असणं. मी स्वतः एकाच प्रश्नाची दोन उत्तरं लिहून फळ्यावर लावते, एक बरं, एक कच्चं. कुणाचं नाव नाही, म्हणून कुणाला लागत नाही. मुलं त्यावर तुटून पडतात आणि कच्च्या उत्तरात काय हवं ते सांगतात. दुसऱ्याच्या लिखाणात जे दिसायला लागतं, ते आठवड्याभरात स्वतःच्या वहीतही दिसायला लागतं. शेजाऱ्याची वही तपासायला द्यायची तर हे जमल्यावरच द्या, आणि नियम घाला: एक ओळ आवडली तर बोट ठेवून कोणती ते सांगायचं, आणि एक प्रश्न विचारायचा. 'चांगलं आहे' म्हणून सुटका नाही.

आता गुणांचं. रूथ बटलर यांनी इस्रायलमध्ये केलेला एक प्रयोग १९८८ साली प्रसिद्ध झाला. मुलांचे तीन गट केले. एकाला फक्त गुण, दुसऱ्याला फक्त शेरा, तिसऱ्याला गुण आणि शेरा दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा आणि गोडी दिसली ती फक्त शेरा मिळालेल्या गटात. दोन्ही मिळालेला गट नुसते गुण मिळालेल्यांसारखाच वागला. गुण दिसले की डोळा शेऱ्यावर जातच नाही. तुमच्या वर्गात हेच चाललं आहे, ताई, आणि यात मुलांचा काही दोष नाही.

म्हणून गुण माझ्या नोंदवहीत लिहायचे, वहीत शेरा तेवढा ठेवायचा, आणि दुरुस्ती दाखवली की मगच गुण सांगायचे. पहिले पंधरा दिवस मुलं पिच्छा पुरवतील. 'मॅडम, कितला पडनात' करत मागे फिरतील. डगमगू नका. सहामाहीचे पेपर दाखवताना असं करता येत नाही, तिथं मी एकूण बेरीज झाकून आधी प्रश्नवार पेपर वाचायला देते आणि प्रत्येकाला एकच काम सांगते: जिथं गुण गेले त्यातला, तुला आत्ता लगेच भरून काढता येईल असा एक प्रश्न शोध आणि सोडव.

शेऱ्यानं नेहमी भलंच होतं असंही धरून चालू नका. क्लुगर आणि डेनिसी या दोघांनी १९९६ साली या विषयावरचा जुना सगळा अभ्यास गोळा करून मांडला. सहाशेहून जास्त निष्कर्षांपैकी एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी शेरा सांगितल्यानंतर काम सुधारण्याऐवजी बिघडलं होतं. आणि लक्ष कामावरून उडून 'मी कसा आहे' याकडे गेलं की ते बिघडतं, असा त्यांचा रोख होता.

हे वाचलं तेव्हा मला एक वही आठवली. शहाद्याकडच्या शाळेत एका मुलाच्या वहीत मी मोठ्या अक्षरात 'निष्काळजी' लिहिलं होतं. दोन महिन्यांनी त्यानं नवी वही घातली. कव्हरवर नाव, इयत्ता, विषय, आणि त्याच्याखाली शिसपेनानं बारीक अक्षरात 'निष्काळजी'. जणू ते त्याचं आडनाव. त्या दिवसापासून मुलाला विशेषण लावणं मी बंद केलं. आळशी, वेंधळा, लक्ष नाही, यातलं काही नाही. 'हुशार' सुद्धा नाही. कॅरोल ड्वेक आणि क्लॉडिया म्युलर यांनी १९९८ मध्ये दाखवून दिलं की हुशारीचं कौतुक झालेली मुलं पुढं सोपंच काम निवडतात आणि अपयश आलं की लवकर खचतात. कौतुक भरभरून करा, पण कशाचं ते बोट ठेवून सांगा: 'तिसऱ्या ओळीत तू विहिरीचं पाणी कसं वास मारतं ते लिहिलंस, मला ती विहीर दिसली.'

खानदेशात आणखी एक गोष्ट आहे जी पुण्याच्या प्रशिक्षणात कुणी सांगत नाही. आपल्या मुलांच्या तोंडी घरात अहिराणी असते, कुठं तावडी, लेवा, पावरी, भिली, मावची. एका मुलानं लिहिलं होतं, 'आमनी शायामा आंबानं झाड शे.' मी सवयीनं चारही ठिकाणी गोल केले. वर्गात ते वाचताना त्याचा चेहरा पडला, कारण त्या चार गोलांमध्ये त्याची आई बोलत होती. अहिराणीत ळ चा य होतो, शाळेची शाया होते, डोळ्याचा डोया होतो. ते तिथलं व्याकरण आहे. आता मी अशा ठिकाणी लाल पेन लावत नाही. वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने असतात, 'घरना शब्द' आणि 'पुस्तकातले शब्द'. शाया–शाळा, शायामा–शाळेत, मना–माझा. मुलं स्वतः भर घालतात. पेपरात कोणता रकाना वापरायचा हे त्यांना महिन्याभरात कळतं, आणि आपलं बोलणं म्हणजे चूक असं मनात बसत नाही. ज्या मुलाला पहिलीपासून आपलं तोंड उघडणंच चुकीचं वाटत आलंय, तो तुमचा कितीही गोड शेरा कसा घेईल?

अशा मुलांना एक वाक्य फार लागतं. डेव्हिड येगर आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली अमेरिकेतल्या सातवीच्या मुलांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. निबंधावर सूचना सगळ्यांनाच होत्या, पण काहींना सोबत चिठ्ठी होती, तिचा आशय असा: या सूचना देतोय कारण तुझ्याकडून माझी अपेक्षा मोठी आहे आणि तुला ते जमेल हे मला माहीत आहे. ती चिठ्ठी मिळालेल्यांतली कितीतरी जास्त मुलं निबंध पुन्हा लिहून आणायला तयार झाली, आणि सगळ्यात जास्त फरक पडला तो शाळेवर विश्वास नसलेल्या कृष्णवर्णीय मुलांमध्ये. मी हे माझ्या तोंडानं, वही हातात देताना, डोळ्याला डोळा लावून सांगते. पण खरं असेल तेव्हाच. मुलांना खोटं लगेच कळतं.

तुमचे अर्ध्या गुणवाले दोघं. त्यांना गप्प बसवू नका, ती मुलं निदान वही वाचतात तरी. फक्त टेबलाशी बोलणं बंद करा आणि चिठ्ठी मागा: कोणता प्रश्न, तुझ्या उत्तरातली कोणती ओळ, आणि तुला गुण का मिळायला हवा. एका मुलानं चिठ्ठी आणली होती, "मनं उत्तर बरोबर शे" एवढीच. परत पाठवली. दुसऱ्यांदा त्यानं पुस्तकातल्या व्याख्येशी स्वतःची ओळ जुळवून आणली आणि त्याचं खरोखरच बरोबर होतं. मी सगळ्या वर्गासमोर गुण वाढवला आणि माझं चुकलं म्हणून सांगितलं. मोठ्या माणसानं चूक कबूल करून पुढं कसं जायचं, हे मुलांना आपल्याकडूनच बघायला मिळणार ना?

माझ्या मते खरी काळजी करायची ती तिसऱ्याच मुलांची, ज्यांचा उल्लेख तुमच्या प्रश्नात नाही. "हो मॅडम" म्हणणारी. मान डोलावतात, वाद नाही, रडणं नाही, आणि काहीच बदलत नाही. त्यांच्याजवळ खाली बसा आणि पहिली ओळ तुमच्यासमोर लिहून घ्या. बऱ्याचदा त्यांना सुरुवात कुठून करायची तेवढंच कळलेलं नसतं.

आणि खोडरबर. थुंकी लावून बोटानं खोडलेली, भोकं पडलेली पानं तुम्हीही पाहिली असतील. दुरुस्तीच्या वेळी माझ्या वर्गात खोडायचं नाही. चुकीवरून एक सरळ रेघ, खाली नवं लिखाण. जुनं आणि नवं शेजारी दिसलं पाहिजे. 'वही स्वच्छ दिसत नाही' म्हणून तपासणीला आलेल्या एका साहेबांनी मला वर्गासमोर सुनावलं होतं. मी त्यांना एका मुलीची जूनची आणि ऑक्टोबरची पानं काढून दाखवली. नियम बदलला नाही.

वेळ कुठून काढायचा? सगळं तपासू नका. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला एका शिक्षकामागे ३५ मुलं धरली आहेत, प्रत्यक्षात अनेकदा जास्तच असतात, आणि विषय चार-पाच. रोज सात-आठ वह्या मन लावून, बाकी फक्त नजर. आठवड्यात एका मुलाला एका विषयात एकच नेमका शेरा. पानभर लाल केलेल्या वहीत मुलाला काहीच सापडत नाही. आणि हे जादा काम समजू नका. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात सहावीला आकारिक मूल्यमापनाला, म्हणजे वर्गात चालू असलेल्या कामावरून करायच्या मूल्यमापनाला, ५० टक्के भार आहे, आणि त्याच्या साधनांमध्ये स्वयंमूल्यमापन आणि सहाध्यायी मूल्यमापनही आहे. मुलानं शेऱ्याखाली केलेली दुरुस्ती हीच तुमची नोंद. मग प्रगतिपत्रकात 'सुधारणा आवश्यक' या रकान्यात सगळ्यांना 'वाचन सराव आवश्यक' असं एकच वाक्य उतरवायची वेळ येत नाही.

घरच्यांशीही बोला. आपल्याकडे पेपरावर पालकाची सही मागतात, आणि काही घरांत त्या सहीसोबत मारही मिळतो. पालक सभेत मी एवढंच मागते: "किती पडले?" विचारण्याआधी "काय चुकलं होतं आणि आता काय जमतं ते दाखव" म्हणा. वाचता न येणारी आईसुद्धा हे विचारू शकते, आणि समोर बसून बघू शकते.

ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या घरची मुलं मध्येच जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. त्यांच्यासाठी जुन्या वहीतले शेरे परके झालेले असतात. निघताना मी एका कागदावर तीन गोष्टी लिहून देते: हे येतं, हे अर्धं येतं, परत आल्यावर इथून सुरू करू. एक मुलगा तो कागद पत्र्याच्या पेटीत घडी करून ठेवून परत आला होता. आल्याआल्या मला तोच दाखवला.

आता तुमची शुक्रवारची मुलगी. तिला उद्या वर्गासमोर विचारू नका, समजूतही घालू नका. मधल्या सुट्टीत वह्या उचलायला मदतीला बोलवा. फाडलेल्या पानाचा विषय काढू नका. निबंधातली तुम्हाला आवडलेली एक ओळ आठवत असेल तर ती तिला म्हणून दाखवा, शब्दन् शब्द. मग एक कोरं पान द्या आणि म्हणा, ही ओळ पहिली ठेवून पुढचं पुन्हा लिहिशील का, मी आज त्यावर काहीच लिहिणार नाही, फक्त वाचेन. नाही म्हणाली तर पान तिच्याकडेच राहू द्या. मंगळवारी, बुधवारी, कधीतरी ते टेबलावर येईल. आलं की सांगितल्याप्रमाणे वाचा, आणि पेन खिशातच ठेवा.